सायकल कशाला म्हणायचे?

घरात तीन-चार वर्षांचे मूल असेल, तर त्याची तीनचाकी एकदा नीट न्याहाळून पाहावी. तिला चेन नसते, फ्रीव्हील नसते. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असतात. मूल पाय पुढे पसरून बसते आणि ज्या चाकाने वळायचे तेच चाक पायाने फिरवते. यात त्या मुलाला काही चमत्कारिक वाटत नाही, पाहणाऱ्यालाही वाटत नाही. पण हीच कल्पना मोठ्या माणसाच्या मापाने उचलली, चाके दोनच ठेवली, चालवणाऱ्याला आरामखुर्चीत रेलावे तसे बसवले आणि पायडल त्याच्या डोळ्यांसमोर, पुढच्या चाकाच्या वर आणून ठेवले, की रस्त्यावरची माणसे थबकतात. कोणी हसते, कोणी मोबाइल काढून फोटो घेते आणि प्रश्न हमखास येतो, ‘ही सायकल आहे का?’

प्रश्न साधा आहे, पण गेली नव्वद वर्षे सायकलींच्या जगात याच प्रश्नावर भांडण चालू आहे. हे भांडण केवळ हौशी लोकांचे नाही. कोणती वस्तू सायकल ठरवायची हे कोण ठरवतो, यावर कोणते कारखाने काय बनवणार, दुकानात काय मिळणार आणि कोणाला सायकल चालवता येणार, हे ठरत आले आहे. म्हणून या विक्षिप्त दिसणाऱ्या वाहनाची थोडी चौकशी करणे मला आवश्यक वाटते.

दोन सायकली, एक वेल्डर

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अभियंत्याने पुण्यात अशी एक सायकल स्वतः तयार केली आहे. दोन जुन्या सायकली कापल्या, वेल्डरला चार वेळा चहा पाजला, खुर्चीसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवला, झाले. ती मी काही दिवस एका शाळेच्या रिकाम्या मैदानावर चालवून पाहिली. तिचे गणित कळायला कागदावरची आकृती पुरत नाही, अंगाने समजून घ्यावे लागते.

रेलून चालवायच्या सायकलीला इंग्रजीत रिकंबंट म्हणतात. अशा बहुतेक सायकलींत नेहमीप्रमाणे मागचे चाक फिरते. पण पायडल सर्वांत पुढे आणि फिरणारे चाक सर्वांत मागे, म्हणजे चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीन पट लांब लागते, ती सीटखालून नेण्यासाठी कप्प्या लावाव्या लागतात. पुढचे चाक फिरवले तर हा सगळा पसारा वाचतो. साध्या सायकलीइतकी चेन पुरते आणि सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

मग अडचण कुठे येते? पुढचे चाक वळते, तिथे. यावर दोन तोडगे आहेत. पहिल्यात पायडल सांगाड्याला पक्के असतात आणि चाक वळले की चेनला पीळ पडतो. तो सोसेल एवढीच वळण्याची मुभा मिळते. दुसऱ्या तोडग्यात पायडल, क्रँक, चेन आणि पुढचे चाक यांचा एकच जोड करून तो सगळाच हँडलबरोबर वळवायचा. चेनला पीळ नाही, पण हँडल वळले की पायही डावी-उजवीकडे जातात. अमेरिकेतली क्रूझबाइक याच पद्धतीची. नेदरलँड्समधली फ्लेवोबाइक आणि जर्मनीतली पायथन यांनी त्याहून पुढची मजल मारली. त्यांचा सांगाडा मधोमध सांध्यावर वळतो आणि सरावलेला माणूस हँडल न धरता कमरेच्या हालचालीवर गाडी नेतो.

आमच्या अभियंता मित्राची सायकल क्रूझबाइकच्या जातीची. साध्या सायकलीवर पाय फक्त जोर लावतात. इथे प्रत्येक पायाचा रेटा हँडलला एका बाजूला ओढू पाहतो आणि हातांनी तो सावरावा लागतो. पहिल्या दिवशी मी दहा फूटसुद्धा सरळ गेलो नाही. लहानपणी तासावर भाड्याने आणलेल्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून कैची मारताना जी अवस्था असते, तीच साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा अनुभवली. तिसऱ्या दिवशी मात्र हात आणि पाय यांचे आपसांत काहीतरी ठरले आणि गाडी निघाली. पाठ टेकलेली, मान सरळ, मनगटावर भार नाही, बूड दुखत नाही. समोर हँडलकडे खाली पाहण्याऐवजी रस्ता आणि आभाळ दिसते. कंबरदुखीमुळे सायकल सोडलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

बघ्यांचे प्रश्नही ऐकण्यासारखे होते. ही अपंगांसाठी आहे का? परदेशातून मागवली का? हिला परवाना लागतो का? एका पंक्चरवाल्याने मात्र काहीच विचारले नाही. त्याने पुढचे चाक उचलले, पायडल फिरवून पाहिले आणि म्हणाला, ‘चेन नेहमीचीच आहे, मग काय अडचण?’

पॅरिसमधील एक तास

आता इतिहासाकडे. पॅरिसमधील शार्ल मोशे नावाचा कारागीर-उद्योजक मोटारी बनवत असे. त्याच्या मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती आणि आईला रहदारीत ती धोक्याची वाटत होती. मोशेने तोडगा म्हणून चार चाकांची, पायडलवर चालणारी छोटी गाडी करून दिली. ती पोरांना इतकी आवडली की मोठ्यांसाठीही तशीच गाडी तयार झाली. तिचे नाव वेलोकार. पुढे मोशेने या गाडीचा जणू उभा छेद घेतला आणि दोन चाकांची, रेलून बसायची सायकल केली. तिचे मागचेच चाक फिरत असे. पण आजच्या साऱ्या रिकंबंट सायकलींची वंशावळ तिच्यापाशी जाते.

७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फॉर नावाच्या दुय्यम दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या सायकलपटूने या वेलोकारवरून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून अबाधित होता. एकोणीस वर्षे भल्याभल्यांना न जमलेली गोष्ट एका मध्यम कुवतीच्या खेळाडूने झोपल्या झोपल्या केली, असाच अनेकांचा समज झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोरिस रिशारने साध्या सायकलवरून ४४.७७७ किलोमीटर अंतर कापले. मग खरा विक्रमवीर कोण?

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघासमोर, म्हणजे यूसीआयसमोर, हा पेच आला. विक्रम माणसाचा की यंत्राचा, यावर वाद झडले. अखेर महासंघाने स्पर्धेच्या सायकलची व्याख्याच नव्याने लिहिली. सीट कुठे, पायडल कुठे, त्यांच्यातले अंतर किती, याची मापे ठरली आणि त्या मापात वेलोकार बसेना. ही व्याख्या १ एप्रिल १९३४ ची आहे. तारखेवरून विनोद सुचणे साहजिक आहे, पण मोशेला तो सुचला नसावा. त्याच वर्षी तो वारला. विक्रमाच्या वहीत नाव लागले ते रिशारचे.

योगायोग असा की, याच १९३४ साली, याच फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने ‘त्राक्सियाँ अव्हाँ’ ही मोटार बाजारात आणली. या नावाचा अर्थच ‘पुढच्या चाकांची ओढ’ असा आहे. तोवर मोटारी बहुतांशी मागच्या चाकांवर चालत. पण मोटारींच्या जगात ‘याला मोटार म्हणायचे नाही’ असे सांगणारा कोणी महासंघ नव्हता. ग्राहकाने पारखले, कारखान्यांनी सुधारले आणि कालांतराने ही पद्धत घरोघर पोहोचली. आपल्याकडे ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालणारी होती आणि तिच्याभोवती कोणी गर्दी केली असेल तर ती नोंदणीसाठी.

महासंघाचीही बाजू

यूसीआयला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तिची बाजू अगदीच लंगडी नाही. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटर वेगाने जाताना सायकलस्वाराच्या ताकदीचा सुमारे चार पंचमांश भाग हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट आणि लागणारी ताकद आठपट होते. त्यामुळे हवेला सामोरे जाणारे अंग जो कमी करील तो जिंकेल आणि मग ही चढाओढ खेळाडूंची न राहता आकार शोधणाऱ्यांची होईल, ही भीती खरी आहे. फॉरने ५ मार्च १९३९ रोजी कवच चढवलेल्या वेलोकारवरून तासात ५० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. अधिकृत विक्रमाला तो टप्पा गाठायला १९८४ उजाडले. तो मान इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरचा. खुद्द एडी मर्क्ससारख्या अद्वितीय खेळाडूचा १९७२ चा आकडा ४९.४३१ किलोमीटर आहे. फॉर हा मर्क्सपेक्षा श्रेष्ठ होता असे कोणीही म्हणणार नाही. फरक यंत्राचा होता.

आजची दरी तर आणखी रुंद आहे. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने ऑक्टोबर २०२२ मध्ये नियमात बसणाऱ्या सायकलवरून तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले. नियमाबाहेरच्या, संपूर्ण कवचबंद रिकंबंटवरून २०१६ मध्ये फ्रान्चेस्को रूसोने एका तासात ९२ किलोमीटरहून अधिक मजल मारली होती. त्याच वर्षी अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या बॅटल माउंटन येथे कॅनडाच्या टॉड रायकर्टने जवळजवळ सपाट रस्त्यावर ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला. इंजिन नाही, फक्त पाय. अशा कवचबंद गाड्यांपैकी अनेकींत पुढचेच चाक फिरवलेले असते.

क्रिकेटमध्येही असे झालेले आहे. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रियर्ली याने तक्रार केली, पंचांनी बॅट बदलायला लावली आणि पुढे बॅटचे पाते लाकडाचेच हवे असा नियम झाला. त्याने क्रिकेटचे काही बिघडले नाही. तेव्हा प्रत्येक खेळाला आपल्या साधनांवर मर्यादा घालण्याचा अधिकार आहे, हे मान्य.

पण बॅट आणि सायकल यांत एक मूलभूत भेद आहे. बॅटने कोणी कामावर जात नाही. सायकल ही खेळाचे साधन होण्याआधी आणि नंतरही वाहन आहे. स्पर्धेत जी सायकल जिंकते तिचे चित्र दुकानात लागते, तिच्यासारखी मुलांना हवी असते, कारखानदार तिच्याच सुधारणेवर पैसा ओततो. १९३४ च्या नियमाने रिकंबंट रस्त्यावर आणायला कुठेही बंदी घातली नव्हती. मात्र तिच्या वाट्याला येऊ शकणारे पैसे, कारागीर आणि कुतूहल यांचा ओघ आटला. अनेक दशके हे वाहन हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये जगले. १९७६ मध्ये अमेरिकेत मानवी शक्तीवर चालणाऱ्या वाहनांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, तेव्हा कुठे त्याला पुन्हा व्यासपीठ मिळाले. खेळाच्या शुद्धतेसाठी रिकंबंटला वेगळा गट देता आला असता. गट दिला नाही, घराबाहेर काढले, ही खरी हानी आहे.

ही सवय जुनी झालेली नाही. १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने वॉशिंग मशीनच्या बेअरिंगसह घरी जुळवलेल्या सायकलवर, हात छातीखाली दुमडून, तासाचा विक्रम मोडला. १९९४ मध्ये त्याची बसण्याची ढबच नियमबाह्य ठरवण्यात आली. २०२५ च्या जूनमध्ये यूसीआयने हँडलची किमान रुंदी सरसकट ठरवली, तेव्हा अंगाने लहान चणीच्या महिला सायकलपटूंनी हरकत घेतली की हे माप आमच्या खांद्यांना लागू पडत नाही. नियमाचा काही भाग नंतर सैल करावा लागला. त्याच वर्षी सर्वांत मोठ्या गिअरवर मर्यादा घालण्याचा प्रयोग ठरला. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने तक्रार केल्यावर बेल्जियमच्या व्यापार-स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबरमध्ये तो स्थगित केला. एका खेळाच्या संघटनेला बाजाराच्या नियामकाने थांबवावे, यातच खेळाचा नियम बाजारात किती खोल जातो याची कबुली आहे.

मागच्या दाराने प्रवेश

गंमत म्हणजे, ज्या बांधणीला महासंघाने पुढच्या दारातून हाकलले, ती मागच्या दाराने त्याच घरात आली आहे. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकपासून हातांनी चालवायच्या तीनचाकी सायकलींच्या शर्यती होतात आणि २००७ पासून अपंगांच्या सायकलिंगचा कारभार यूसीआयकडेच आहे. या हातसायकलींच्या बहुतेक गटांत खेळाडू रेलून बसतो. चेन पुढच्या चाकावर असते आणि हातांनी फिरवायचे पायडल चाकाबरोबर वळतात. म्हणजे आमच्या अभियंता मित्राने गॅरेजमध्ये जे जुळवले, त्याचीच हातांनी चालणारी बहीण पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदके मिळवून देते. तिथे महासंघाने मापे ठरवली, गट पाडले आणि शर्यती चोख होतात. ‘हे जमणार नाही’ या युक्तिवादाला याहून चांगले उत्तर कोणते?

दुसरे उत्तर रेस अक्रॉस अमेरिका या शर्यतीने दिले आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आपल्याकडे परिचित आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ती जोडीने पूर्ण केली आणि २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. तिथे यूसीआयची व्याख्या चालत नाही. २०१३ मध्ये मारिया पार्कर यांनी महिलांची एकल शर्यत जिंकली, ती पुढच्या चाकावर चालणाऱ्या क्रूझबाइकवर. मेंदूच्या कर्करोगाशी झगडणाऱ्या बहिणीसाठी, त्या रोगाच्या संशोधनाकरिता निधी उभा करावा म्हणून त्या उतरल्या होत्या.

आपल्याशी याचा संबंध काय?

याचा अर्थ उद्यापासून सर्वांनी रेलून सायकल चालवावी, असा नाही. तिचे दोष मी अनुभवले आहेत. बसणे सखल असल्याने बसचालकाच्या नजरेला ती उशिरा पडते. खड्डा आला तर साध्या सायकलीवर आपण बूड उचलून धक्का टाळतो, इथे तो थेट पाठीत बसतो. चढावर वजन मागे सरकते आणि ओल्या किंवा वाळूच्या रस्त्यावर पुढचे चाक जागीच फिरते. डबल सीट विसराच. आपल्या पावसाळ्यात आणि आपल्या रहदारीत हे दोष लहान नाहीत.

संबंध आहे तो व्याख्येचा. सायकलचा आकार माणसाच्या गरजेने बदलतो, हे आपण लेडीज सायकलीवरून पाहिले आहे. पायघोळ कपड्यांत दांडी ओलांडता येत नाही, म्हणून दांडी खाली आली. त्या एका बदलाने किती मुली शाळा-कॉलेजात पोहोचल्या! बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा त्यांची शाळेतली नोंदणी वाढल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. तेव्हा ‘सायकल म्हणजे काय’ याचे उत्तर ‘अमुक आकाराची वस्तू’ असे देण्यापेक्षा ‘माणसाला त्याच्या बळावर पोहोचवणारे वाहन’ असे देणे शहाणपणाचे आहे.

नवल असे की, आपले करखाते या बाबतीत क्रीडा महासंघाहून उदार आहे. कराच्या यादीत सायकलीबरोबर ‘इतर सायकली’ही येतात, माल वाहणाऱ्या तीनचाकीसुद्धा, अट एवढीच की मोटार नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून या सर्वांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सीट उंच की सखल, फिरणारे चाक पुढचे की मागचे, हे करखात्याने विचारलेले नाही.

विचारतात ते आपले रस्ते. सायकल मार्गाच्या तोंडाशी मोटारसायकल शिरू नये म्हणून लोखंडी खांब रोवलेले असतात. त्यांच्यातली फट साध्या सायकलीच्या मापाची. तिथून अपंगाची हातांनी चालवायची तीनचाकी जात नाही, भाजीवाल्याची मालवाहू सायकल जात नाही, म्हाताऱ्या जोडप्याने घेतलेली तीनचाकी जात नाही. सायकल स्टँडचे खाचे तेच, सोसायटीच्या फाटकातील उपदार तेच. २०१७ च्या अखेरीस पुण्यात भाड्याच्या सायकलींची योजना गाजावाजाने आली आणि काही काळातच विरली, तिच्यातही सायकल एकाच साच्याची होती. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे-कंबर दुखणाऱ्या, तोल सांभाळता न येणाऱ्या माणसाला तिच्यात जागा नव्हती. आणि आपल्या समाजात अशा माणसांची संख्या वाढणार आहे, कमी होणार नाही.

कर कमी झाल्याने सायकल स्वस्त होईल, ती वापरात यायची तर वाट रुंद हवी. नगरपालिकांनी सायकल मार्गाची फट मोजताना सर्वांत रुंद तीनचाकीचे माप घ्यावे. शाळकरी मुलांना सायकली वाटताना, ज्याला साधी सायकल चालवता येत नाही अशा मुलासाठी वेगळ्या बांधणीची तरतूद ठेवावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना प्रकल्पासाठी विषय लागतात. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातील सुटे भाग वापरून आपल्या आजोबांना चालवता येईल अशी सायकल करून दाखवावी. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही आणि परदेशी तंत्रज्ञान तर मुळीच लागत नाही.

१९३४ मध्ये पॅरिसच्या कारागिराला जे उत्तर मिळाले, ते मापात बसत नाही म्हणून मिळाले होते. आपल्याकडे मापाबाहेरची माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या मापाचे वाहन कोणी घेऊन आले, तर ‘ही सायकल आहे का?’ हे विचारायला हरकत नाही. फक्त उत्तर ऐकण्याआधी त्याच्यासाठी फाटक उघडावे.